बैठका, गुडघे आणि 'बोटांच्या पुढे नको' : हालचालीचं शास्त्र काय सांगतं?

पायवाट

तालमीत वस्ताद सांगतात, टाचा उचलून पूर्ण बैठक मारा. जिममधला ट्रेनर सांगतो, गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की वाटी खराब होणार. गुडघेदुखीवाल्याला दवाखान्यातून 'उकिडवं बसणं बंद' असा सल्ला मिळतो. तिघंही ठाम असतात आणि ऐकणारा मधल्या मध्ये अडकतो.

मला या धाग्यावर कुणाची बाजू नको, कारणं हवी आहेत. कुठला सांधा किती भार घेतो, तो कशावर ठरतो, स्नायू वर येताना आणि खाली जाताना काय करतो, किती केलं म्हणजे पुरे, हे सगळं बैठकेसारख्या एका ओळखीच्या व्यायामावरून समजून घेता आलं तर बाकीचे व्यायामही कळायला लागतील. जाणकारांनी लिहावं. ठोस प्रश्न तीन:

१. गुडघा बोटांपुढे जाऊ द्यायचा की नाही?
२. सुरुवात किती बैठकांनी करायची आणि वाढवायची कशी?
३. गुडघ्यात कटकट आवाज येतो त्याचं काय?

तिखटमीठ

चांगला विषय. वाचत राहणार.

चाप

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गुडघ्यावर 'वजन येतं' असं आपण म्हणतो, पण बैठकेत महत्त्वाचं असतं ते त्या वजनाचं आघूर्ण. आघूर्ण म्हणजे बल गुणिले सांध्यापासून बलाच्या रेषेचं लंब अंतर. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडेला ढकललं तर एका बोटानं उघडतं, ते याच अंतरामुळे.

बैठकेत पडायचं नसेल तर शरीराचा गुरुत्वमध्य तळपायाच्या वर राहावा लागतो, टाच टेकलेली असेल तर साधारण तळपायाच्या मध्यावर. तिथून एक उभी रेषा मनात काढा. गुडघा त्या रेषेच्या जितका पुढे, तितकं गुडघ्यावरचं आघूर्ण जास्त. खुबा जितका मागे, तितकं खुब्यावरचं जास्त. मांडीच्या हाडाची लांबी तर बदलत नाही. म्हणजे गुडघा मागे धरून ठेवला की खुबा मागे सरकतो आणि तोल राखायला धड पुढे वाकतं. भार कुठेही नाहीसा होत नाही, एका सांध्याकडून दुसऱ्याकडे जातो.

याचं मोजमाप झालेलं आहे. २००३ साली फ्राय आणि सहकाऱ्यांनी सात सराव असलेल्या पुरुषांना स्वतःच्या वजनाइतका बारबेल खांद्यावर देऊन स्क्वॉट करायला लावले. एकदा मोकळेपणी आणि एकदा पायांपुढे फळी उभी करून, म्हणजे गुडघा बोटांपुढे जाऊच नये. गुडघ्यावरचं आघूर्ण सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आलं. खुब्यावरचं मात्र २८ वरून ३०० च्या वर गेलं. गुडघ्याचा भार जेमतेम पाचव्या हिश्शानं कमी झाला आणि खुब्याचा दहापट वाढला. धड पुढे वाकल्यामुळे कंबरेलाही जास्त काम पडतं. गुडघा बोटांपुढे जाणं हा काही चुकीचा आकार नाही. लांब मांडीच्या माणसाला तर त्यावाचून खोल बसताच येणार नाही.

सात माणसं म्हणजे लहान नमुना, हे मान्य. पण हा निष्कर्ष साध्या भूमितीतूनही निघतोच.

सई

@चाप, भूमिती पटली, पण यातून 'गुडघा कुणीही कितीही पुढे न्या' असा अर्थ लोक काढतील. ज्याच्या वाटीमागे आधीच दुखतंय, त्याच्यासाठी तो पाचवा हिस्साही मोठा असतो. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातला दाब गुडघा वाकत जाईल तसा वाढतो. अशा माणसाला काही आठवडे खुर्चीच्या उंचीपर्यंतच बसवणं, नडगी बऱ्यापैकी उभी ठेवायला सांगणं, हा योग्य उपचार आहे. घोळ होतो तो हा तात्पुरता बदल सगळ्यांसाठी कायमचा नियम बनतो तेव्हा.

दगडफूल

नियम आला कुठून तेही पाहा. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉट करणाऱ्या वेटलिफ्टरांचे गुडघे तपासून 'अस्थिबंध (हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे) सैल होतात' असं मांडलं. त्यानंतर अमेरिकेत शाळांपासून सैन्यापर्यंत खोल बैठकांवर फुली बसली. पुढच्या अभ्यासांत तो सैलपणा दिसला नाही, पण सल्ला मात्र जगभर पसरला. आपल्याकडे तर जेवण, पूजा, भांडी, शौच, सगळं जमिनीच्या पातळीवर चालत आलेलं. निरोगी गुडघ्याला पूर्ण वाकणं हे अनोळखी काम नाही. ज्यानं वीस वर्षं फक्त खुर्ची वापरली, त्याच्यासाठी ते अनोळखी झालेलं असतं.

मावळतीकर

तालमीतली बैठक आणि जिममधला स्क्वॉट या एक नाहीत, आणि चर्चा त्यांना एकच धरून चालली आहे.

स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला, भार मध्यावर, खांद्यावर वजन. बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यावर येतो, हात मागून पुढे झुलतात. टाच उचलली की गुडघा आणखी पुढे सरकतो, धड उभं राहतं, खुब्याचं काम घटतं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, क्वाड्रिसेप्सवर, बरंच काम येतं. पोटरीला तोल सांभाळायचं जादा काम. टेकण्याची जागा अर्धी झाल्यानं घोटा डळमळतो. पण बैठकेत भार फक्त स्वतःच्या वजनाचा असतो, हेही विसरू नये. म्हणून शंभर किलो खांद्यावर असतानाचे नियम तिला लावायचे नाहीत आणि 'बैठकेत चालतं' म्हणून जड बारबेल घेऊन चवड्यावरही जायचं नाही.

रानवारा

घोट्याचा मुद्दा निघालाच आहे तर एक तपासणी सगळ्यांनी करून पाहा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा. अंगठा भिंतीपासून काही अंतरावर, टाच घट्ट टेकलेली. आता गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावा. टाच न उचलता गुडघा लागतोय तोवर पाऊल मागे सरकवत जा. शेवटचं जमणारं अंतर पट्टीनं मोजा. १० सेंमीच्या आसपास असेल तर टाच टेकून खोल बसायला सहसा अडचण नाही. ५ सेंमीच्या आत असेल तर घोटा आडवा येणार. मग एकतर टाच उचलली जाते, नाहीतर पाऊल आतल्या बाजूला कलंडतं आणि गुडघे एकमेकांकडे येतात. बघणाऱ्याला वाटतं गुडघा कमजोर आहे, पण मूळ खाली घोट्यात असतं.

दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. जुना मुरगळा असलेल्या पायाचं अंतर बहुतेक वेळा कमी भरतं. मोजताना टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून कुणाला तरी ती हळूच ओढायला सांगा. सुटली तर टाच उचलली गेली आहे. एकट्यानं मोजताना टाच दोन-तीन मिलिमीटर उचलली गेलेली कळत नाही.

उपाय: हीच हालचाल सावकाश, प्रत्येक पायानं १० ते १५ वेळा, रोज. तोवर टाचांखाली दोन-अडीच सेंमीची फळी ठेवून बसायला हरकत नाही.

तिखटमीठ

@रानवारा, पोटरीचे स्नायू ताणून तेच होणार नाही का?

रानवारा

थोडं होईल. पण पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो, म्हणून गुडघा वाकला की तो सैल पडतो. खालचा सोलियस गुडघा ओलांडत नाही, त्यामुळे बैठकेत आडवा येतो तो हाच. गुडघा सरळ ठेवून केलेलं ताणणं मुख्यतः पहिल्याला पोचतं. बैठकेसाठी ताणायचं असेल तर गुडघा वाकवूनच.

पायवाट

हे फार उपयोगी. आता स्नायू खाली जाताना आणि वर येताना काय करतात त्यावर कुणी लिहील का?

चाप

वर येताना क्वाड्रिसेप्स आखडत जोर लावतो, याला कॉन्सेंट्रिक म्हणतात. खाली जाताना तोच स्नायू लांब होत होत जोर लावतो, शरीराला ब्रेक लावतो, हे एक्सेंट्रिक. मध्ये थांबून राहिलात, लांबी न बदलता, तर आयसोमेट्रिक. खाली जाताना 'मागचे स्नायू काम करतात' असा सर्रास गैरसमज आहे. गुरुत्वाकर्षण खाली ओढतच असतं, काम आवरण्याचं असतं, आणि ते पुढचाच स्नायू करतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लांब होताना स्नायू आखडतानापेक्षा जास्त बल पेलू शकतो. ज्याला खुर्चीतून उठता येत नाही त्यालाही सावकाश बसता येतं ते त्यामुळे, आणि ताकद परत मिळवताना सुरुवात तिथूनच करतात. दुसरी, व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं मुख्यतः या एक्सेंट्रिक कामामुळे येतं. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे.

कोकणकडा

पण ते दुखणं लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे असतं ना? शाळेत तसंच शिकवलं होतं.

सई

नाही. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दुखणं येतं दुसऱ्या दिवशी आणि २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं. वेळच जुळत नाही. शिवाय चढावर लॅक्टेट जास्त वाढतं आणि दुखतं उतारानं. स्नायूतंतूंची सूक्ष्म इजा आणि तिच्या दुरुस्तीतली सूज, हे आजचं स्पष्टीकरण. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच अशा उशिरा येणाऱ्या दुखण्याचं कारण स्नायूतल्या फाटण्यात शोधलं होतं.

आणखी एक. असं एकदा दुखून गेलं की तेच काम काही आठवड्यांच्या आत पुन्हा केल्यास दुखणं बरंच कमी येतं. ताकद वाढण्याआधीच हे संरक्षण मिळतं. म्हणून मोठ्या ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी एक छोटी उतरण करून घ्यावी. मुद्दाम एक्सेंट्रिक सराव हवा असेल तर जिना सावकाश उतरावा.

तालीमवाला

आमच्याकडे म्हण आहे, अंग दुखलं नाही तर व्यायाम लागला नाही. तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर असेल, पण पहिल्या दिवशी अंग मोडून निघालं की पोरगा तयार होतो.

सई

@तालीमवाला दादा, इथे मी ठाम विरोध करेन. दुखणं म्हणजे नवेपणाचं माप, प्रगतीचं नाही. नियमित मेहनत करणारा पैलवान रोज ताकद कमावतो आणि रोज दुखत नसतो.

आणि पहिल्याच दिवशी अंग मोडण्यात खरा धोका आहे. सवय नसलेल्या मुलाला शिक्षा म्हणून किंवा पैजेवर शेकडो बैठका मारायला लावल्या की रॅब्डोमायोलिसिस होऊ शकतो. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ येते. खुणा: दुखणं नेहमीपेक्षा फार जास्त, मांड्या सुजून टणक, पाय उचलवत नाही, आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद. लघवीचा रंग बदललेला दिसला की वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं आणि 'काल इतक्या बैठका मारल्या' हे स्वतःहून सांगायचं. सीके नावाची रक्ततपासणी होते. ऊन, कमी पाणी, नुकताच येऊन गेलेला ताप, यांनी धोका वाढतो. शाळांतून बैठका ही शिक्षा बंदच व्हायला हवी.

तालीमवाला

शिक्षेबद्दल शंभर टक्के सहमत. चांगला वस्ताद पण पोराला आधी माती खोदायला, धावायला लावतो, बैठका हळूहळू वाढवतो. माझं म्हणणं एवढंच की गोंजारून ताकद येत नाही.

दगडफूल

दोघांच्या मध्ये एक तत्त्व आहे: क्रमाक्रमानं वाढता भार. शरीर सवयीपेक्षा थोड्या जास्त भाराला उत्तर देतं. फार कमी असेल तर बदल नाही, फार जास्त असेल तर इजा. आणि सगळी अंगं एका वेगानं बदलत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती बहुतांशी मेंदू-मज्जातंतू स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायूची जाडी त्यानंतर. स्नायूबंध, म्हणजे टेंडन, सर्वांत सावकाश, महिने घेतो. घात इथेच होतो: दीड महिन्यात मांडी म्हणते 'आणखी शंभर', आणि वाटीखालचा टेंडन अजून तयार नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक चाल सुचवतो, सवय नसलेल्या निरोगी प्रौढासाठी:

सुमारे ४५ सेंमी उंचीची खुर्ची घ्या. हात छातीशी. तीन सेकंदांत खाली जा, बूड खुर्चीला टेकवा पण सैल सोडू नका, एक-दीड सेकंदात उठा. अशा ८ ते १० च्या दोन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. आठवड्यात तीन दिवस, सलग नाहीत. १२ च्या तीन फेऱ्या होऊनही 'अजून दोन-तीन झाल्या असत्या' असं सलग दोन वेळा वाटलं की उंची कमी करा: आधी ३० सेंमीचं स्टूल, मग मोकळी पूर्ण बैठक. उंची कमी केली की संख्या परत ८ वर आणा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, खोली, संख्या, वेग किंवा वजन यांपैकी. लोक नेमके दोन-तीन एकदम वाढवतात आणि मग कशानं दुखलं ते कळत नाही.

तालीमवाला

आठ-दहा! यानं कुस्ती होत नाही.

मावळतीकर

कुस्तीसाठी नाहीच ते, सुरुवातीसाठी आहे. पण यातून पुढचं तत्त्व निघतं: ज्याचा सराव, त्यातच वाढ. सलग दोनशे बैठका मारता येणं ही स्नायूंची दमदारी. दीडपट वजन खांद्यावर घेऊन एकदा उठणं ही ताकद. एकातून दुसरं थोडंफार मिळतं, पूर्ण नाही. शंभर बैठका सहज होणाऱ्यानं दोनशे केल्या तर दमदारी वाढेल, कमाल ताकद फारशी वाढणार नाही. तिच्यासाठी भार वाढवावा लागतो: जोडीदाराला खांद्यावर घ्या, रेतीची गोणी घ्या, नाहीतर एका पायावर उतरा. पैलवानाला दोन्ही लागतं, म्हणून तालमीत बैठकांच्या जोडीला जोडीदार उचलणं, दोर चढणं, गदा, करेला (फिरवायची जड मुदगलं) हे सगळं असतंच. ती रचना विचारपूर्वक झालेली आहे.

खेळ पाहून सराव ठरवायचा. कबड्डीतली चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. पहिल्या दहाएक सेकंदांच्या झटक्याला स्नायूत साठलेलं एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन (झटपट ऊर्जा देणारी रसायनं) पुरतं, पुढे ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून ऊर्जा येते. दोन चढायांमधली भरपाई मात्र ऑक्सिजनच्या वाटेनं होते. म्हणून चढाईपटूला झटकाही लागतो आणि दमही. नुसतं रोज पाच किलोमीटर सावकाश धावून त्याला झटका येणार नाही.

कोकणकडा

थोडं विषयांतर. ज्यांना कुस्ती-कबड्डी काही नको, फक्त तब्येत हवी, त्यांना चालणं पुरे नाही का? दहा हजार पावलं झाली की झालं.

चाप

दहा हजार हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये यामासा कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र त्या आकड्याच्या नावानं विकायला काढलं, तिथून तो रुजला. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर कमी दिसला, फायदा ७५०० पर्यंत वाढत गेला आणि पुढे जवळपास सपाट झाला. म्हणजे जो आज तीन हजारांवर आहे त्यानं दहा हजारांच्या धास्तीनं सोडून देऊ नये, पाच हजारांवर जावं. जमत असेल त्यानं दहा हजार जरूर चालावं.

पण चालणं पुरे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी अशी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रम, *आणि* किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. ६५ च्या पुढे यात तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव जोडा. लोक पहिला अर्धा पाळतात. दुसऱ्या अर्ध्यासाठी बैठका आहेत.

लिंबोणी

मध्यम आणि जोरकस हे ठरवायचं कसं? घरकाम त्यात धरतात का?

चाप

मेट हे त्याचं एकक. शांत बसल्यावरचा खर्च म्हणजे १ मेट, दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन. ३ ते ५.९ मध्यम, ६ च्या पुढे जोरकस. झपझप चालणं साडेतीन-चारच्या आसपास. उकिडवं बसून फरशी पुसणं साधारण ३.५, म्हणजे तेही मध्यम श्रमात येतं. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं मात्र तिथवर पोचत नाही. दमायला होतं, पण हृदयाला काम पडत नाही. आधी 'सलग किमान १० मिनिटं' अशी अट होती, २०२० मध्ये ती काढली. तुकड्यातुकड्यानं केलेलंही धरायचं.

हिशेब: मेट × किलो × तास = किलोकॅलरी, ढोबळ. ७० किलोचा माणूस अर्धा तास ३.५ मेटनं चालला तर सुमारे १२२. त्यातल्या ३५ तो नुसता बसूनही खर्चणार होता. चालून आल्यावर वडापाव खाल्ला तर वजनाचा हिशेब शिलकीत जात नाही.

सई

@लिंबोणी ताई, आकडे नको असतील तर बोलून पाहा. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हे मध्यम. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ते जोरकस.

नाडीवरून मोजणाऱ्यांसाठी इशारा. २२० वजा वय हे सूत्र सरासरी आहे. २०८ वजा ०.७ गुणिले वय हे २००१ मधलं तनाका यांचं सूत्र उतारवयात जास्त जवळ जातं. साठीला पहिलं १६० देतं, दुसरं १६६. पण दोन्हींत एखाद्या माणसापुरता दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीच्या) गोळ्या चालू असतील तर नाडी श्रमाच्या मानानं वाढत नाही, तेव्हा घड्याळावर दिसणारे झोन निरुपयोगी. अशांनी बोर्गची ६ ते २० ची श्रमाची मोजपट्टी वापरावी. १२-१३, म्हणजे 'थोडं जड', इथे राहावं.

लिंबोणी

धन्यवाद सई. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या गटाला हे सांगता येईल. त्यांना बैठका सुचवाव्यात का? निम्म्यांचे गुडघे झिजलेत असं डॉक्टरांनी सांगितलंय.

सई

'बैठका' हा शब्द न वापरता 'खुर्चीतून उठणं' म्हणून द्या. आधी चाचणी घ्या: सुमारे ४३ सेंमीची बिनहाताची खुर्ची भिंतीला लावून, हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषाला १२ पेक्षा कमी, स्त्रीला ११ पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद वयाच्या मानानं कमी आहे आणि पडण्याचा धोका आहे असं धरतात. हात टेकावे लागले तर त्याला शून्य धरतात. पण म्हणून त्या व्यक्तीला गटातून वगळू नका. तिला खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवून द्या, सुरुवात होते.

झीज असलेल्या गुडघ्यालाही ताकदीचा व्यायाम लागतो, तो उपचाराचाच भाग आहे. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगा: व्यायामात तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर मागच्या पायरीवर या.

दगडफूल

सईच्या प्रतिसादाला पुरवणी. बर्लिनमध्ये कृत्रिम गुडघ्यात बलमापक बसवून प्रत्यक्ष आत किती भार येतो ते मोजलंय, २०१० मध्ये पाच जणांचे आकडे प्रसिद्ध झाले. शरीराच्या वजनाच्या पटीत सरासरी कमाल भार: सपाट चालताना सुमारे २.६, खुर्चीतून उठताना २.५, जिना चढताना ३.२, उतरताना ३.५. 'बैठका नको, जिना चालेल' म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. हा मांडी आणि नडगी यांमधला भार आहे, वाटीमागचा नाही, आणि पूर्ण खोल बैठक त्यात नव्हती. पण खुर्चीतून उठणं हे रोजच्या चालण्याइतकंच आहे, एवढं यातून नक्की दिसतं.

तिखटमीठ

तिसरा प्रश्न राहिला. कटकट.

रानवारा

दुखणं किंवा सूज नसेल तर आवाज हा दोष नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होणं, टेंडन हाडाच्या उंचवट्यावरून सरकणं, ही साधी कारणं. पण आवाजाबरोबर गुडघा सुजतो, मध्येच अडकून सरळ होत नाही किंवा चालताना दगा देतो, यांतलं काहीही असेल तर बैठका थांबवून तपासून घ्या.

वाटीच्या लगेच खाली, बोटानं दाखवता येईल असं एका जागी दुखत असेल तर तो टेंडन आहे. वेगानं, खाली आपटून उसळी घेत मारलेल्या बैठकांत हे फार. विश्रांतीनं उतरतं आणि सुरू केलं की परत येतं. इथे थांबून राहण्याचा व्यायाम द्यावा: गुडघा साधारण ६० अंशात वाकवून भिंतीला टेकून ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं. वेग आणि उसळी सगळ्यात शेवटी परत आणायची.

पायवाट

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नावर परत येतो. आता बोटांपुढे किती गेला ते पाहायचं नाही, हे कळलं. मग बैठक मारणाऱ्याला बाजूला उभं राहून पाहताना नक्की काय पाहायचं?

मावळतीकर

बाजूनं आधी नको, समोरून पाहा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत चालतोय की आत पडतोय. दमल्यावर शेवटच्या पाच बैठकांत पाहा, पहिल्या पाच सगळ्यांच्याच छान असतात. आत पडत असेल तर फेरी तिथेच संपली.

मग बाजूनं. खाली जायला किती वेळ लागतो? दोन सेकंदांच्या आत कोसळत असेल तर आवरणारं बळ कमी आहे, संख्या कमी करा. तळाशी कंबर गोल होते का? स्वतःच्या वजनावर थोडी झाली तर चालेल, खांद्यावर वजन असेल तर त्याच्या आधी थांबायचं. टाच टेकून बसणाऱ्याची टाच उचलली जाते का? मग रानवाऱ्यानं सांगितलेली घोट्याची तपासणी. तालमीची बैठक असेल तर टाचा दोन्ही सारख्या उचलल्या जातात का आणि चवड्याचा भार अंगठ्याखालच्या गादीवर आहे की करंगळीकडे झुकतो ते पाहा. अनवाणी असल्याशिवाय हे दिसत नाही.

तालीमवाला

आणि हात. हात झुलवायचे ते शोभेला नाही. वर येताना हात पुढे जोरात आले की वेग मिळतो. नवख्याला हात छातीशी बांधून शिकवावं, म्हणजे पायांचं खरं बळ कळतं. दहा नीट झाल्या की हात सोडायचे.

चाप

@तालीमवाला, अगदी बरोबर, हातांचा संवेग धडाला मिळतो. शिकवण्याचा क्रम हाच असावा.

लिंबोणी

जोर (दंड) काढण्याबद्दलही असंच कुणी लिहा ना. मनगट आणि खांदा दुखल्याच्या तक्रारी बैठकांपेक्षा जास्त असतात.

चाप

वेगळा धागा काढतो. खांदा हा उथळ खोबणीचा सांधा, तिथे स्थैर्य स्नायूंवर जास्त अवलंबून असतं, त्यामुळे मांडणी वेगळी करावी लागेल. तोवर मनगट दुखणाऱ्यांनी जमिनीऐवजी लाकडी ठोकळ्यांची मूठ धरून जोर काढावेत, मनगट सरळ राहतं.